एकाच पेटीचा हट्ट

३ फेब्रुवारी

आज सकाळी ऑफिस बंद पडलं. सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते, आणि मी ते निवांत बघून घेतले.

आमचा धंदा औषधांचा. कंपन्यांकडून माल घ्यायचा, गोदामात लावायचा, दुकानांना पोचवायचा. हल्ली गोदामातलं प्रत्येक खोकं स्कॅनरने वाचलं जातं, बिलं वरच्या मजल्यावर निघतात, थंड खोलीचं तापमान पडद्यावर दिसतं. मजल्यामजल्यावर कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे लहान नेटवर्क स्विच आहेत, पण त्या सगळ्यांच्या वायरी शेवटी माझ्या खोलीतल्या एका मोठ्या स्विचमध्ये येतात. तो बसला की सगळे बसले. आज तो बसला. गाड्या भरायच्या थांबल्या, औषधवाल्यांचे फोन सुरू झाले आणि गोदाम सांभाळणाऱ्या बाई जिन्यात उभ्या राहून माझ्या नावाने शंख करू लागल्या.

"आमचा धंदा" असं लिहून गेलो. धंदा सासऱ्यांचा. राहतो ऑफिसला लागून असलेल्या त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर. जेवतो त्यांच्याच टेबलावर. माझ्या मालकीचं काय असेल तर त्या वायरी कुठून कुठे जातात याची माहिती. ती मी कुठेही लिहून ठेवलेली नाही. पासवर्डही फक्त माझ्या डोक्यात. घरजावयाने एवढी तरी तजवीज करून ठेवायला नको?

स्विच चालू केला. बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही नसतात तर आज आमचं काही खरं नव्हतं." मी नुसता हसलो.

संध्याकाळी सासरेबुवांनी बोलावलं. हमरस्त्यावरची नवी इमारत एप्रिलमध्ये सुरू होणार, तेव्हा हा म्हातारा स्विच निवृत्त करायचा आणि दोन्ही इमारतींना पुरेल असा नवा घ्यायचा. "जावईबापू, निवड तुमची," म्हणाले. बाजूला साडू बसले होते. माझ्या मेहुणीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी विक्रीत आले आणि तेव्हापासून नाकाने कांदे सोलतात. नव्या इमारतीचा कारभार कोणाला देणार ते मला न सांगता कळतं.

७ फेब्रुवारी

पुरवठादाराची इंजिनिअर आली होती. वयाने लहान, पण फाजील बडबड नाही. तिने फळ्यावर दोन चौकोन काढले. एक स्विच इथे, एक नव्या इमारतीत, मध्ये फायबरच्या दोन तारा. एक बंद पडला तरी दुसरा काम ओढतो. शिवाय त्यांची माणसं त्यांच्या ऑफिसात बसून चोवीस तास लक्ष ठेवणार, इथे कोणी नसलं तरी दुरुस्ती करणार.

दुसरा पर्याय मी काढला. एकच मोठा स्विच, माझ्या खोलीत. वायरी खोचायचे पोर्ट कमी पडले तर त्यात नवी कार्डं बसवत जायची. भक्कम वस्तू.

खरं सांगायचं तर दोनचा पर्याय चांगला आहे. मीच मागच्या वर्षी जेवताना सगळ्यांना पकवत होतो की सगळा भार एका जागी ठेवू नये. माझ्या बायकोने तेव्हा मान डोलावली होती, जे ती सहसा करत नाही.

मग सासरेबुवांनी इंजिनिअरच्या देखत मला विचारलं, "समजा तुम्ही महिनाभर इथे नसलात, तर यातलं कशाने चालेल?"

मी महिनाभर कुठे जाणार आहे? मला कोण पाठवणार आहे? इतकी वर्षं घरात राहिलेल्या माणसाला पाहुण्यासारखं असं विचारतात. मी म्हटलं, "मी कुठे जात नाही." ते म्हणाले, "तसं नव्हे हो." मग कसं, ते काही सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी

माझ्या हत्यारांच्या पिशवीतली मोजपट्टी गायब. शोधून शोधून थकलो तर ही म्हणते, "मी घेतलीय. बाबांबरोबर नवी इमारत बघायला गेले होते." मागच्या बाजूला व्यवस्थापकासाठी लहानसं घर बांधलंय, त्याच्या खिडक्या मोजल्या म्हणे. बहिणीच्या संसाराची एवढी हौस! माल चढवायचा धक्का गाड्या लावायला अरुंद पडेल, असंही तिने बाबांना सांगितलं आणि त्यांनी तो वाढवायला घेतला. लग्नाआधी तीच गोदामाचा हिशेब आणि माल बघायची, त्यामुळे तिला त्यातलं कळतं. माझं मत धक्क्याबद्दल कोणी विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी

आज साडू माझ्या खोलीत आले. खुर्ची नसते माझ्याकडे दुसरी, उभेच राहिले. म्हणाले, "दादा, ते दोनवालंच घ्या. तुमच्याही डोक्याचा ताप कमी होईल. जरा मोकळे व्हाल."

मोकळा! म्हणजे रिकामा. रिकाम्या माणसाला पगार द्यायला सासरेबुवा काही दुधखुळे नाहीत. इतके दिवस माझं मन दोनकडे झुकत होतं, पण ज्या गोष्टीसाठी हा माणूस गळ घालतो तिच्यात माझं भलं असणं शक्य नाही.

१५ फेब्रुवारी

ठकीने जेवताना विचारलं, "बाबा, तिकडे गेल्यावर मांजर पाळायचं? आजोबा हो म्हणाले." कुठे तिकडे, तर नव्या इमारतीत. मी म्हटलं, ते घर आपलं नाही, मावशीचं. ती आईकडे बघायला लागली. हिने तिला "जेव गुपचूप" म्हणून गप्प केलं. पोरीला उगाच कशाची आशा लावतात ही मंडळी.

२० फेब्रुवारी

आठवडाभर अहवाल लिहीत होतो. अहवालात एकही वाक्य खोटं नाही, याचा मला अभिमान आहे. दोन स्विच म्हणजे दोन ठिकाणची देखभाल. बाहेरच्या माणसांच्या हाती आपल्या जाळ्याच्या किल्ल्या. मध्ये फायबर रस्ता खणताना तुटू शकते. सगळं खरं. फायबर तुटली तर एकच मोठा स्विच असूनही नवी इमारत बंद पडेल, उलट जास्तच बंद पडेल, हेही खरं. ते लिहिलं नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं.

इंजिनिअरने वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून म्हणाली, "सर, तुम्हाला मनापासून एकच हवाय?"

"का?"

"नाही, तुमचंच काम वाढेल. रविवारीसुद्धा तुम्हालाच यावं लागेल."

"येतोच मी."

तिने अहवाल घडी करून पिशवीत ठेवला. येतोच मी, यात चूक काय? मागच्या वर्षी आम्ही समुद्रावर निघालो होतो. अर्ध्या वाटेत बाईंचा फोन आला आणि गाडी वळवली. ठकी रडून रडून झोपली. ही परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही, दमली असेल. पण त्या दिवशी मी पोचेपर्यंत सगळं ऑफिस माझी वाट बघत बसलं होतं. साडूंची अशी वाट कोणी बघतं का?

२४ फेब्रुवारी

जिंकलो.

बैठकीला सासरेबुवा, साडू, गोदामवाल्या बाई, हिशेब तपासायला म्हणून ही, आणि मी. साडूंनी दोनची बाजू घेतली. मी त्यांना विचारलं, "बाहेरच्या माणसाने उद्या आपल्या ग्राहकांची यादी पळवली तर जबाबदार कोण? तुम्ही?" त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग थंड खोलीबद्दल बोललो, लसी खराब झाल्या तर काय होतं ते सांगितलं. बाई घाबरल्या. म्हणाल्या, "साहेबांच्याच हातात असू द्या बाई सगळं."

सासरेबुवांनी मला तीनदा विचारलं, "विचार करून सांगताय ना?" तिन्ही वेळा हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाले, "निवड तुमची म्हटलं होतं. शब्द फिरवणार नाही." हरले की म्हातारी माणसं अशी दमल्यासारखी करतात.

मला वाटलं होतं ही निदान घरी आल्यावर काहीतरी बोलेल. नवरा जिंकलाय. ती कपडे घड्या करत राहिली. माझी मोजपट्टी पिशवीत परत ठेवलेली दिसली.

१५ मार्च

पेटी आली. चौघांनी उचलून आणली. माझ्या छातीएवढी उंच, समोर कार्डांच्या रांगा. पंखे सुरू झाले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ते मला आवडलं. खोलीत येऊन कोणी फुकटचा सल्ला देत उभं राहणार नाही.

२२ मार्च

रविवार. सगळ्या वायरी जुन्यातून काढून नव्यात घातल्या. इंजिनिअर मदतीला होती. दुपारी तिने विचारलं, थंड खोलीचे तापमापक कुठून जोडलेत, नकाशात दिसत नाहीत. मी म्हटलं, ते बघतो मी. फार पूर्वी मी ते वेगळ्याच वाटेने जोडलेत. मोठा स्विच बंद करून चालू केला की ती वाट हाताने पुन्हा लावून द्यावी लागते. कायमचं करता आलं असतं. करायचं राहून गेलं.

सगळं पहिल्या झटक्यात चाललं. संध्याकाळी सासरेबुवा खोलीत आले, पेटीकडे बघितलं. पंख्यांच्या आवाजात मोठ्याने म्हणाले, "छान झालं." त्यांच्या आवाजात आनंद कसा तो नव्हता. दुसऱ्या जावयाने केलं असतं तर गावभर सांगितलं असतं त्यांनी.

२८ मार्च

आज जे कळलं ते तसंच्या तसं लिहून ठेवतो.

जेवणं झाल्यावर मी सहज म्हटलं, साडूंची बांधाबांध सुरू झाली का? ही म्हणाली, "ते कशाला जातील? त्यांना नकोच होतं. त्या उजाड रस्त्यावर राहायचं नाही म्हणाले पहिल्याच दिवशी."

"मग कोण?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला तिथेच कळायला हवं होतं. "तुम्ही," ती म्हणाली. "दिवाणखान्यात बसून बाबांनी मला सांगितलं, नवी इमारत त्याच्या हाती देतो, त्यात भागीदारीही देतो. मागचं घर तुमचं. आपलं घर, अहो. माझ्या बापाचं नाही, बहिणीचं नाही. मी खिडक्या काय दुसऱ्यासाठी मोजत होते?"

"मग सांगायला काय झालं होतं?"

"बाबा म्हणाले, आधी सांगितलं तर तो घरासाठी निवडेल. कामासाठी काय निवडतो ते बघू. सगळं स्वतःच्या मुठीत धरणाऱ्याला दुसरी इमारत कशी देऊ, म्हणाले. आणि मला खात्री होती तुमची. तुम्हीच तर सांगायचात ना टेबलावर, भार एका जागी ठेवू नये म्हणून? साडूंना मीच पाठवलं होतं तुमच्याकडे. मी सांगितलं तर तुम्हाला वाटलं असतं बापाची वकिली करते."

मी म्हटलं, हा जावयाची परीक्षा घ्यायचा प्रकार आहे. नोकराचीसुद्धा कोणी अशी परीक्षा घेत नाही. आवाज चढला माझा. ती उठून ठकीच्या खोलीत गेली. माझं म्हणणं चूक नाही. पण त्या घराला अंगण आहे, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता तेच सारखं डोळ्यांपुढे येतंय.

३० मार्च

सासरेबुवांकडे स्वतःहून गेलो. हा कडू घोट गिळला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पेटी एक असली म्हणून काय झालं? माणसं दोन करा. पुरवठादाराच्या त्या इंजिनिअर मुलीला सगळं शिकवा. एक दिवस तुमच्याविना तिने ऑफिस चालवून दाखवलं की तुम्ही सामान हलवा. मी थांबतो."

घरी येऊन हिला सांगितलं. ती स्वयंपाकघरात पाठमोरी होती. वळली तेव्हा हसत होती. किती दिवसांनी हसली, मला आठवेना. मोजपट्टी पिशवीतून तिने स्वतःच काढून घेतली.

८ एप्रिल

इंजिनिअरला शिकवतोय. हुशार आहे, एकदा सांगितलं की पुरे. पासवर्ड दिले. पहिला देताना दार लावून घेतलं. मग सवय झाली. कुठली वायर कुठे जाते ते तिने स्वतः चिठ्ठ्या लावून घेतलं. माझी खोली आता कोणाचीही खोली वाटते.

आज निघताना तिने विचारलं, "आणखी काही राहिलंय का, सर?"

मी म्हटलं, "नाही."

घरी आल्यावर आठवलं, तापमापकांची वाट सांगायची राहिली. उद्या सांगेन.

९ एप्रिल

आज सांगायचं होतं. ती कामात होती. तशी स्विच बंद करायची वेळ रोज थोडीच येते.

१३ एप्रिल

परीक्षेचा दिवस. मी घरी. फोन बंद ठेवायचा असं ठरलं होतं. सकाळी ठकीला घेऊन बागेत गेलो. ही म्हणाली, "बघा, जग चाललंय." आणि खरंच चाललं होतं. मला ते बघवत नव्हतं, हे इथे लिहायला हरकत नाही. कोणालाही माझी आठवण झाली नाही.

दुपारी साडू धापा टाकत दारात. परीक्षा म्हणून इंजिनिअरने स्विच एकदा बंद करून चालू केला होता. सगळं परत आलं, फक्त थंड खोलीचं तापमान पडद्यावर येईना. बाई खोलीबाहेर रडकुंडीला आल्या होत्या, गाडी लसी घ्यायला उभी होती आणि तापमान दिसल्याशिवाय दार उघडायचं नाही असा नियम.

मी गेलो. खुर्चीवर बसलो. कॉम्प्युटरवर दोन ओळी टाइप केल्या. आकडे परत आले.

बाईंनी हात जोडले. साडू म्हणाले, "दादा, मानलं तुम्हाला." सासरेबुवा जिन्यात उभे होते. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "जावईबापू, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही." आणि मी, काय सांगू, सुखावलो. अगदी मनातून सुखावलो. इंजिनिअर मात्र माझ्याकडे बघत उभी होती. तिने एकच विचारलं, "सर, हे नकाशात नव्हतं ना?" मी म्हटलं, राहिलं.

घरी ही दारातच भेटली. तिला सगळं आधीच कळलं होतं. "तिला सांगितलं नव्हतंत?"

"राहिलं."

"राहिलं," ती म्हणाली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी मुद्दाम केलं नाही. मी खूप वेळ विचार केला आणि मला वाटत नाही मी मुद्दाम केलं.

१९ एप्रिल

नवी इमारत कोणाला, ते ठरलं. हिला.

तिने स्वतः मागितली. बापाकडे गेली आणि म्हणाली, माल मला कळतो, माणसं मला ओळखतात, धक्का माझ्या सांगण्यावरून बांधलाय. त्यांनी हो म्हटलं. मला रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं, अगदी शांतपणे, ठकीची शाळा तिकडे जूनमध्ये सुरू होते हेही सांगितलं.

"आणि मी?"

"तुमचं इथून निघणं व्हायचं नाही," ती म्हणाली. "रविवारी या. जमलं तर."

मी म्हटलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "म्हणतील, जावई फार कामाचा आहे."

२७ एप्रिल

सामान गेलं. मी खोकी उतरवून दिली. ठकीने गाडीतून हात हलवला. मी फाटकाशी उभा होतो तेवढ्यात बिलांचा प्रिंटर अडला म्हणून ऑफिसच्या वरच्या मजल्यावरून हाक आली आणि मी आत गेलो. गाडी वळताना बघायची राहिली.

४ मे

टेबलावर आम्ही दोघंच जेवतो, सासरे आणि जावई. ते भाजी वाढतात. "तुमच्या पेटीचं बरंय ना?" विचारतात. मी बरंय म्हणतो.

आज संध्याकाळी नव्या इमारतीतून फोन आला. तिचा. माझ्या मोबाईलवर नव्हे, खोलीतल्या ऑफिसच्या फोनवर.

"नव्या इमारतीतून बोलतेय. स्कॅनर जोडले जात नाहीयेत."

मी विचारलं, "ठकी कशी आहे?"

"आधी हे बघा. धक्क्यावर तीन गाड्या उभ्या आहेत."

पंख्यांच्या आवाजात मला तिचं नीट ऐकू येत नव्हतं. फोन कानाशी दाबून धरला, दुसऱ्या हाताने पोर्ट बंद करून चालू केला. पलीकडे कोणीतरी "आलं, आलं" म्हणून ओरडलं. ठकीचा आवाज वाटला, पण सांगता येत नाही.

"झालं चालू," ती म्हणाली. "थँक्यू."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने मला थँक्यू कधी म्हटलं नव्हतं. मी "इट्स ओके" म्हणालो. फोन तिने ठेवला.